‘मिठामागे पाणी जाते’ : अभिस्तर ऊतींतील क्षार-जलवहनाच्या स्पष्टीकरणाची चिकित्सा

१. प्रस्तावना

जीवशास्त्राच्या अध्यापनात परासरणाची पहिली ओळख बहुधा बेदाण्याने होते. साध्या पाण्यात टाकलेला बेदाणा फुगतो आणि साखरेच्या दाट पाकात ठेवला की आक्रसतो. घरात याचा पडताळा रोज मिळतो, कारण कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवले की पाणी सुटते. द्राव्य जिकडे अधिक, तिकडे पाणी जाते, हा नियम विद्यार्थ्याच्या मनात पक्का होतो. पुढे आतडे व वृक्क यांच्या कार्याचा अभ्यास सुरू झाला की याच नियमाच्या आधारे त्याला एक वाक्य सांगितले जाते : अभिस्तर ऊतींतून सोडियम शोषले जाते आणि मिठामागे पाणी जाते.

हे वाक्य असत्य नाही. मात्र ते निष्कर्ष म्हणून जेवढे बरोबर आहे, तेवढेच स्पष्टीकरण म्हणून अपुरे आहे. बेदाण्याचा नियम जसाच्या तसा आतड्याला लावला, तर साखर-मीठ घातलेले पाणी पिणाऱ्याच्या आतड्याकडे शरीरातले पाणी ओढले जावे आणि जुलाब वाढावेत, असेच अनुमान निघते. जुलाब लागलेल्या मुलाला पाणी पाजू नये, ही पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली समजूत या दृष्टीने पाहता निव्वळ अडाणीपणाची नव्हे. अपुऱ्या प्रतिमानातून काढलेला तो सुसंगत निष्कर्ष आहे. प्रत्यक्षात साखर व मीठ यांचे ठरावीक प्रमाणातील पाणी, म्हणजेच जलसंजीवनी, हाच अतिसारावरील सर्वांत परिणामकारक प्राथमिक उपचार ठरला. नियम आणि उपचार यांच्यातील हा विरोध ज्या स्पष्टीकरणाने सुटत नाही, ते स्पष्टीकरण तपासून पाहणे आवश्यक ठरते.

प्रस्तुत लेखात अभिस्तर ऊतींतील क्षार व जलवहनाची प्रमुख प्रतिमाने कोणत्या प्रश्नातून जन्मली, त्यांनी काय साधले व काय बाजूला ठेवले, आणि अध्यापनात त्यांचे जे संक्षिप्त रूप रूढ झाले त्याचे परिणाम काय, याची चिकित्सा केली आहे.

२. मूळ प्रश्न : दिशेचा

या विषयाचे महत्त्व प्रथम परिमाणांवरून लक्षात येते. प्रौढ माणसाच्या वृक्कांत दिवसाकाठी सुमारे १८० लीटर द्रव गाळला जातो आणि त्यांपैकी साधारण दीड लीटर मूत्ररूपाने बाहेर पडतो. उरलेला सर्व द्रव वृक्कनलिकांच्या अभिस्तरातून परत घेतला जातो. आतड्यात अन्नपाण्यासोबत व पाचक स्रावांच्या रूपाने दररोज ८ ते ९ लीटर द्रव येतो, परंतु विष्ठेतून जाणारे पाणी १०० ते २०० मिलिलीटरच असते. एका पेशीइतक्या जाडीच्या थरावर हे सारे काम सोपविलेले आहे.

येथे बेदाण्याचे उदाहरण कोठे तुटते, हे स्पष्ट होते. बेदाण्याच्या सालीला स्वतःची दिशा नसते. दोन्ही बाजूंची द्रावणे जशी असतील तसे पाणी आत अथवा बाहेर जाते, आणि ती सारखी असली तर निव्वळ वहन थांबते. अभिस्तराचे तसे नाही. जर्मन शरीरक्रियाशास्त्रज्ञ रुडॉल्फ हायडेनहाइन यांनी १८९४ मध्ये कुत्र्याच्या आतड्यात त्याच प्राण्याचा रक्तरस ठेवला असता तोही शोषला गेल्याचे दाखविले. आत व बाहेर रासायनिकदृष्ट्या सारखाच द्रव असताना झालेले हे वहन परासरणाच्या साध्या नियमात बसणारे नव्हते. हायडेनहाइन यांनी पेशींच्या अंगभूत कार्यशक्तीकडे बोट दाखविले. ही कार्यशक्ती म्हणजे नेमके काय, हे सांगण्याची साधने मात्र त्या काळी उपलब्ध नव्हती.

दोन्ही बाजू सारख्या असताना थराला दिशा कोठून मिळते, हा या विषयाचा मूळ प्रश्न होय. ‘मिठामागे पाणी जाते’ या वाक्यात हा प्रश्न दिसत नाही. मीठ एकाच दिशेने का गेले, हे न विचारताच ते वाक्य पाण्याकडे वळते.

३. बेडकाच्या त्वचेचे प्रतिमान : सामर्थ्य आणि मर्यादा

या प्रश्नाला पहिले काटेकोर उत्तर कोपनहेगनमध्ये मिळाले. ऑगस्ट क्रोग यांनी १९३७ मध्ये बेडूक अतिशय विरल द्रावणातूनही आपल्या त्वचेद्वारे क्षार शोषून घेतो, हे सिद्ध केले होते. त्यांच्या परंपरेत काम करणारे हान्स उसिंग व त्यांचे सहकारी झेरान यांनी १९५१ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग त्याच्या साधेपणामुळे अभिजात ठरला. बेडकाच्या त्वचेचा तुकडा दोन कप्प्यांच्या मध्ये ताणून बसविला. दोन्ही कप्प्यांत एकसारखे द्रावण भरले आणि त्वचेच्या दोन पृष्ठभागांत आपोआप निर्माण होणारे विभवांतर बाहेरून विद्युतधारा देऊन शून्यावर आणले. संहतीतील फरक नाही, विभवांतर नाही, दाबातील फरक नाही. अशा स्थितीत जे निव्वळ वहन होईल, त्यासाठी पेशीने ऊर्जा खर्च केली पाहिजे. किरणोत्सर्गी सोडियमच्या साहाय्याने मोजता सोडियमचे बाहेरून आत होणारे निव्वळ वहन त्या विद्युतधारेशी जुळले.

कोफोएड-यॉन्सेन व उसिंग यांनी १९५८ मध्ये या निरीक्षणांवर प्रतिमान उभे केले. त्याचा गाभा असा : पेशीची दोन पटले एकसारखी नाहीत. बाहेरील पटल सोडियमला वाट देते, तर आतील पटल पोटॅशियमला वाट देते आणि सोडियम बाहेर फेकणारा पंप याच आतील पटलावर असतो. पंपामुळे पेशीतील सोडियम कमी राहते, म्हणून बाहेरचे सोडियम उताराने आत येते आणि पंप ते रक्ताच्या बाजूला टाकतो. १९५७ मध्ये डेन्मार्कमध्येच येन्स स्कोऊ यांनी खेकड्याच्या चेतातंतूंत ज्या विकराचा शोध लावला, तोच हा पंप असल्याचे पुढे निश्चित झाले. ऊर्जारेणूच्या एका विघटनामागे तो ३ सोडियम आयन पेशीबाहेर काढतो व २ पोटॅशियम आयन आत घेतो. या शोधाबद्दल स्कोऊ यांना १९९७ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

या प्रतिमानाची थोरवी अशी की, त्याने दिशेच्या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही गूढ शक्तीचा आधार न घेता दिले. प्राण्यांच्या बहुतेक सर्व पेशींत असणारा पंपच अभिस्तरातही असतो. वेगळेपण असते ते त्याच्या जागेत. तो पेशीच्या सर्व बाजूंना न बसता एकाच बाजूला बसला, म्हणून थराला दिशा मिळाली. रचनेतील विषमता हेच दिशेचे कारण आहे, ही एकच कल्पना पुढे आतडे, वृक्क, स्वेदग्रंथी, श्वासनलिका अशा अनेक अवयवांना लागू पडली.

तथापि या प्रतिमानाच्या मर्यादाही त्याच्या प्रयोगरचनेतच आहेत. बेडकाची त्वचा ही ‘घट्ट’ अभिस्तर ऊती आहे. तिच्या पेशींमधील जोडांतून आयन सहसा निसटत नाहीत. लहान आतडे, पित्ताशय आणि वृक्कनलिकेचा आरंभीचा भाग यांतील अभिस्तर ‘सैल’ असतात. फ्रोम्टर व डायमंड यांनी १९७२ मध्ये पित्ताशयावरील प्रयोगांतून, अशा ऊतींत आयनांच्या निष्क्रिय वहनाचा मोठा भाग पेशींच्या आतून न होता पेशींमधील जोडांतून होतो, असे दाखविले. म्हणजे जेथे रोज लीटरवारी द्रव वाहतो, त्या ऊती मूळ प्रतिमानाच्या ऊतीपेक्षा एका महत्त्वाच्या बाबतीत भिन्न आहेत. शिवाय प्रयोगात दोन्ही बाजूंना समान द्रावण ठेवल्याने परासरणाचा प्रश्नच उद्भवत नव्हता. ज्या रचनेमुळे मिठाचा प्रश्न सुटला, तिनेच पाण्याचा प्रश्न बाजूला ठेवला. उसिंग यांच्या दृष्टीने हा दोष नव्हता, ती जाणीवपूर्वक केलेली मर्यादा होती. दोष निर्माण झाला तो पाठ्यपुस्तकांत. तेथे मिठाचे हे उत्तर पाण्याचेही उत्तर म्हणून एका ओळीत वापरले गेले.

४. पाण्याचा प्रश्न : सुटला किती, उरला किती

मीठ एका बाजूला गेले, की तेथे द्राव्य वाढेल आणि पाणी त्यामागे जाईल, हे ऐकण्यास सरळ वाटते. अडचण मोजमापात येते. वृक्कनलिकेच्या आरंभीच्या भागात किंवा पित्ताशयात शोषला जाणारा द्रव रक्तरसाइतक्याच तीव्रतेचा असतो, आणि दोन्ही बाजूंच्या तीव्रतेत नजरेत भरेल असा फरक सापडत नाही. फरक नसेल तर पाणी कशामागे जाते?

करन व मॅकिंटॉश यांनी १९६२ मध्ये याचे पहिले समाधानकारक उत्तर सुचविले. दोन भिन्न पटले आणि त्यांच्यामध्ये एक लहान कप्पा असेल, आणि त्या मधल्या कप्प्यात क्षार जमा होत असेल, तर दोन टोकांच्या द्रावणांत फरक नसतानाही पाण्याचा प्रवाह चालू राहू शकतो, असे त्यांनी कृत्रिम पटलांवर दाखविले. जेरेड डायमंड व विल्यम बोसर्ट यांनी १९६७ मध्ये हा मधला कप्पा प्रत्यक्ष ऊतीत दाखवून दिला. शेजारच्या पेशींमधील अरुंद फटी हाच तो कप्पा होय, असे त्यांचे प्रतिपादन होते. फटीच्या बंद टोकापाशी पंप मीठ टाकतात, तेथे तीव्रता वाढते, पाणी येते आणि फटीच्या उघड्या टोकापर्यंत पोहोचेतो द्रव रक्तरसाइतका विरल होतो. वहन थांबविले की या फटी मिटतात आणि चालू असताना रुंदावतात, हे सूक्ष्मदर्शकाखाली दिसतही होते.

हे प्रतिमान आकृतीत इतके नेटके दिसते की अनेक ग्रंथांत ते सिद्ध सत्य म्हणून वर्षानुवर्षे छापले गेले. परंतु त्यासाठी पंप फटीच्या बंद टोकाशी एकवटलेले असणे आवश्यक होते. प्रत्यक्षात ते पेशीच्या बाजूच्या पटलावर सर्वत्र पसरलेले आढळले. १९७५ च्या सुमारास ए. ई. हिल यांनी गणिताने असेही दाखविले की, पटलांची त्या वेळी मानली गेलेली जलपार्यता या प्रतिमानाला पुरेशी नाही.

या कोंडीतून बाहेर पडण्यास १९९२ मधील शोध उपयोगी ठरला. पीटर ॲग्रे व त्यांच्या सहकाऱ्यांनी तांबड्या रक्तपेशींतील एका प्रथिनामुळे पटलातून पाणी वेगाने जाते, हे बेडकाच्या अंडपेशीवरील प्रयोगाने दाखविले. या जलमार्गी प्रथिनांना ‘ॲक्वापोरिन’ हे नाव मिळाले, आणि ॲग्रे यांना २००३ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून देण्यात आले. हे प्रथिन नसलेल्या उंदरांवरील १९९८ मधील अभ्यासात वृक्कनलिकेच्या आरंभीच्या भागातील द्रवशोषण सुमारे निम्म्यावर आले. पुढे अशा उंदरांत नलिकेतील व बाहेरील द्रवांच्या तीव्रतेतील फरक निरोगी उंदरांपेक्षा वाढलेलाही आढळला. या दोन निरीक्षणांचा एकत्रित अर्थ महत्त्वाचा आहे. पाणी परासरणानेच जाते, पण पटल पाण्याला इतके मोकळे असते की अत्यल्प फरकही पुरतो. पूर्वी फरक सापडत नव्हता तो नव्हता म्हणून नव्हे, तर तो लहान होता म्हणून.

मात्र यानेही विषय संपत नाही. लहान आतड्यात या जलमार्गी प्रथिनांचा वाटा कितपत, आणि पाणी मुख्यतः पेशीतून जाते की पेशींच्या मधून, याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. १९९६ मध्ये लू, झोयथेन, चँडी व राइट यांनी वेगळाच दावा केला. सोडियम व ग्लुकोज एकत्र आत नेणारे वाहक प्रथिन ग्लुकोजच्या प्रत्येक रेणूसोबत पाण्याचे सुमारे २६० रेणूही नेते आणि माणसाच्या आतड्यात या मार्गाने दिवसाला ५ लीटर पाणी शोषले जाते, असे त्यांचे मत होते. यावर मॉन्ट्रियलमधील संशोधकांनी, पटलालगत क्षणिक साठणाऱ्या द्राव्यामुळेही हेच निरीक्षण मिळू शकते, असा आक्षेप घेतला.

हा वाद बाजूला ठेवूनही साधे गणित उद्बोधक ठरते. एक लीटर पाण्यात पाण्याचे सुमारे ५५.५ मोल असतात आणि रक्तरसाची तीव्रता सुमारे २९० मिलिऑस्मोल असते. म्हणजे रक्तरसाइतक्या विरल द्रवात द्राव्याच्या प्रत्येक कणामागे पाण्याचे सुमारे १९० रेणू लागतात. वाहकाच्या एका फेरीत २ सोडियम, १ ग्लुकोज आणि विद्युतभार समतोल राखण्यासाठी सोबत जाणारे २ ऋण आयन, असे ५ कण धरले, तर त्यांच्यासोबत सुमारे ९५० रेणू पाणी जायला हवे. वाहकाने खरोखरच २६० रेणू नेले असे मानले, तरी उरलेल्या जवळजवळ तीन-चतुर्थांश पाण्याला परासरणाचाच मार्ग राहतो. नवा दावा पूर्ण स्वीकारला तरी जुना प्रश्न नाहीसा होत नाही, हे यातून दिसते. तात्पर्य, ‘मागे जाते’ या दोन शब्दांत जवळपास ६० वर्षांचा आणि आजही न मिटलेला वाद दडलेला आहे.

५. साखरेचे स्थान : प्रयोगशाळा आणि रुग्णशय्या

या विषयात जिवाशी संबंध असलेला भाग येथे सुरू होतो. रॉबर्ट क्रेन यांनी १९६० मध्ये प्राग येथील परिषदेत असे प्रतिपादन केले की, आतड्यातील पेशी ग्लुकोज आत घेतात ते सोडियमच्या सोबत. पंपाने पेशीतील सोडियम कमी ठेवलेले असल्याने सोडियम उताराने आत येते आणि येताना ग्लुकोजला सोबत आणते. याचा उलट अर्थही तितकाच खरा आहे, तो असा की ग्लुकोज असेल तर सोडियमला आत येण्याची आणखी एक वाट मिळते. जलसंजीवनीतील साखर केवळ शक्ती यावी म्हणून अथवा चवीसाठी घातलेली नसते. ती मिठाची वाट उघडणारी किल्ली आहे.

पटकी या रोगात याचे महत्त्व निर्णायक ठरते. कोलकात्याचे शंभुनाथ दे यांनी १९५९ मध्ये पटकीच्या जंतूंनी सोडलेले विष आतड्यात द्रव साठवते, हे जंतुविरहित द्रावणाच्या साहाय्याने सिद्ध केले. हे विष पेशीतील क्लोराइडचे मार्ग उघडे ठेवते. क्लोराइड बाहेर पडते, त्यासोबत सोडियम व पाणी जाते, आणि तीव्र रुग्णात तासाला एक लीटरपर्यंत द्रव नष्ट होऊ शकतो. या रोगात आतड्याचा आतील थरच सोलून निघतो, असे १९ व्या शतकापासून मानले जात असे. यूजीन गँगारोसा यांनी १९६० मध्ये जिवंत रुग्णांच्या आतड्याचे सूक्ष्म नमुने तपासून थर शाबूत असल्याचे दाखविले. यावरून पुढे जे उमगले ते असे : थर शाबूत आहे, पंप चालू आहे आणि ग्लुकोजसोबतची वाट विषाने बंद झालेली नाही. म्हणून तोंडाने दिलेले पाणी शोषले जाऊ शकते.

ढाका येथे डेव्हिड नॅलिन व रिचर्ड कॅश यांनी १९६८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, तोंडाने दिलेल्या द्रावणामुळे शिरेतून द्यावयाच्या द्रवाची गरज सुमारे ८० टक्क्यांनी कमी झाली. १९७१ मध्ये बांगलादेश मुक्तियुद्धाच्या काळात सीमेवरील बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत शिरेतून देण्याचे द्रव संपत आले, तेव्हा दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज, मीठ व खाण्याचा सोडा यांची पुडकी करून ते द्रावण रुग्णांच्या नातेवाइकांकरवी पाजविले. त्यापूर्वी ३० टक्क्यांच्या आसपास असलेला मृत्युदर त्यांच्या देखरेखीखालील रुग्णांत ३.६ टक्क्यांवर आला. १९७८ मध्ये ‘लॅन्सेट’च्या संपादकीयाने या तत्त्वाची गणना शतकातील संभाव्य सर्वांत महत्त्वाच्या वैद्यकीय प्रगतीत केली. महालनबीस यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळाले ते २०२३ मध्ये.

ही कथा पुष्कळदा अशी सांगितली जाते, की आधी रेणूचे ज्ञान झाले आणि मग त्यातून उपचार निघाला. ही मांडणीही तपासून घेणे आवश्यक आहे. हेमेंद्रनाथ चटर्जी यांनी १९५३ मध्येच कोलकात्यात पटकीच्या १८६ रुग्णांना तोंडाने मीठ व ग्लुकोजचे पाणी दिल्याचा अहवाल ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केला होता. क्रेन यांचे प्रतिपादन त्यानंतर ७ वर्षांनी आले. चटर्जी यांच्या अभ्यासात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता आणि शरीरात किती द्रव गेला व किती बाहेर पडला याची मोजदाद नव्हती, त्यामुळे त्याकडे फारसे लक्ष दिले गेले नाही. सिद्धांताने उपचाराला जन्म दिला असे म्हणण्याऐवजी, सिद्धांताने उपचाराला विश्वासार्हता दिली असे म्हणणे अधिक यथार्थ होईल.

द्रावणाच्या घटकांवरूनही हेच दिसते. वाहक प्रथिन २ सोडियममागे १ ग्लुकोज नेते. जलसंजीवनीत मात्र सोडियम व ग्लुकोज यांचे प्रमाण समसमान असते. जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या आधीच्या द्रावणात लीटरमागे ९० मिलिमोल सोडियम व १११ मिलिमोल ग्लुकोज असे आणि त्याची एकूण तीव्रता ३११ मिलिऑस्मोल, म्हणजे रक्तरसाहून किंचित अधिक होती. २००२ मध्ये शिफारस केलेल्या नव्या द्रावणात दोन्हींचे प्रमाण ७५ मिलिमोल करण्यात आले आणि एकूण तीव्रता २४५ मिलिऑस्मोल झाली. बालकांवरील चाचण्यांत या बदलामुळे शिरेतून द्रव देण्याची गरज सुमारे एक-तृतीयांशाने कमी झाली होती. हे प्रमाण वाहकाच्या रेणूवरून थेट काढलेले नाही, ते रुग्णशय्येजवळ पारखून घेतलेले आहे. आणि बदलाचे कारण पुन्हा बेदाण्याकडेच नेते. शोषली न गेलेली साखर आतड्यात पाणी धरून ठेवते. म्हणजे बेदाण्याचा नियम चुकीचा नव्हता. तो येथेही लागू आहे, पण वाहकाच्या क्षमतेच्या पलीकडे उरलेल्या साखरेला.

६. अपुऱ्या वाक्याचे व्यावहारिक परिणाम

या विवेचनावरून एखाद्यास वाटेल की, हा केवळ शास्त्रीय काटेकोरपणाचा आग्रह आहे. तसे नाही. ‘मिठामागे पाणी जाते’ एवढेच शिकलेल्या विद्यार्थ्याला जलसंजीवनीत साखर का, याचे उत्तर देता येत नाही. मग साखर म्हणजे शक्ती, असे सोपे उत्तर तो स्वतःच तयार करतो. शक्तीसाठीच साखर असेल, तर थोडी अधिक घातल्याने बिघडते काय? आणि एखादे गोड पेय दिले तरी चालेल, नाही का?

येथेच अपाय आहे. नव्या सूत्रानुसार एक लीटर पाण्यात १३.५ ग्रॅम ग्लुकोज व २.६ ग्रॅम मीठ असते. बाजारातील बहुतेक शीतपेयांत १०० मिलिलीटरमागे सुमारे १० ग्रॅम साखर असते, म्हणजे लीटरमागे ग्लुकोजच्या या मात्रेच्या सातपटीहून अधिक, आणि सोडियम नाममात्र असते. अतिसार झालेल्या मुलाला असे पेय दिल्यास न शोषलेली साखर पाणी ओढून घेते आणि जुलाब वाढतात. बेदाणा जे भाकीत करतो, तेच नेमके घडते. भारतात अधिक साखरेच्या काही पेयांच्या नावांत ‘ओआरएस’ ही अक्षरे वापरली जात होती. जागतिक आरोग्य संघटनेचे सूत्र न पाळणाऱ्या पेयांवर ही अक्षरे वापरण्यास भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली. प्रश्न नावाचा असला, तरी त्यामागे प्रमाणाविषयीचे अज्ञान होते, आणि ते सुशिक्षित ग्राहकांतही होते.

घरगुती द्रावणाबाबतही हेच लागू पडते. एक लीटर उकळून थंड केलेल्या पाण्यात सपाट भरलेले ६ लहान चमचे साखर व अर्धा लहान चमचा मीठ, ही रूढ शिफारस आहे. तिच्यातील प्रत्येक आकडा वर दिलेल्या यंत्रणेशी जोडलेला आहे. मीठ वाढले तर रक्तातील सोडियम धोकादायक पातळीला जाऊ शकते, साखर वाढली तर जुलाब वाढतात. कारण न सांगता दिलेला आकडा केवळ पाठ होतो, आणि पाठ केलेला आकडा घाईच्या वेळी चुकतो. ज्याला कारण समजले, तो निदान चूक कोणत्या दिशेने झाली तर घातक, हे जाणतो.

याच समजुतीमुळे आपल्याकडील जुन्या पथ्याकडेही नव्याने पाहता येते. आजाऱ्याला तांदळाची पेज मीठ घालून देण्याची कोकणातली व इतरत्रची रीत सर्वांच्या परिचयाची आहे. पिठूळ पदार्थाचे रेणू मोठे असल्याने वजनाच्या मानाने त्यांचे कण थोडे असतात, म्हणून पेजेची परासरणी तीव्रता कमी राहते. पचन होताना त्यांतून ग्लुकोज हळूहळू सुटत जाते आणि सुटेल तसे सोडियमसह शोषले जाते. पटकीच्या रुग्णांवरील अभ्यासांत तांदळाच्या पिठाचे मोजून केलेले द्रावण परिणामकारक ठरले आहे. म्हणून पेज मोजलेल्या जलसंजीवनीची जागा घेते असा अर्थ काढणे योग्य नव्हे, कारण घरोघरी तिच्यातील मिठाचे प्रमाण वेगळे असते. मात्र अनुभवातून आलेली रीत आणि प्रयोगातून आलेला सिद्धांत यांची सांगड वर्गात घालून दाखविण्यास हे उदाहरण बेदाण्याइतकेच सोपे व त्याहून अधिक नेमके आहे.

७. समारोप

अभिस्तर ऊतींतील क्षार व जलवहनाच्या प्रतिमानांकडे एकत्रितपणे पाहता, प्रत्येक प्रतिमानाने एका प्रश्नाचे उत्तर देताना दुसरा प्रश्न बाजूला ठेवलेला दिसतो. उसिंग यांच्या परंपरेने दिशेचे कारण दिले, पण पाणी बाजूला ठेवले. डायमंड व बोसर्ट यांनी पाण्याला जागा दिली, पण त्यासाठी पंपांची मांडणी गृहीत धरली. जलमार्गी प्रथिनांनी वृक्कातील कोडे बरेचसे सोडविले, आतड्यातील तेवढे सोडविले नाही. क्रेन यांच्या सिद्धांताने साखरेचे स्थान सांगितले, परंतु तिची मात्रा रुग्णांवरील चाचण्यांनी ठरविली. यांपैकी कोणतेही प्रतिमान त्याज्य नाही. त्यांची गोळाबेरीज करून तयार झालेले एका ओळीचे वाक्य मात्र या सर्वांचे प्रश्न पुसून टाकते.

त्या वाक्याऐवजी चार पायऱ्या सांगता येतील. पंप एकाच बाजूला असल्याने पेशीत सोडियम कमी राहते. म्हणून पोकळीकडील सोडियम आत येते, आणि ग्लुकोज असेल तर त्याला जादा वाट मिळते. पलीकडे गेलेल्या या द्राव्यामुळे तीव्रतेत लहानसा फरक पडतो. पाण्याला वाट मोकळी असल्याने तेवढा फरक पुरतो. यासाठी वर्गातील पाच-दहा मिनिटे अधिक लागतात. जीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांपैकी फार थोडे पुढे शरीरक्रियाशास्त्रज्ञ होतात, पण त्यांच्यातील बहुतेकांच्या घरी कधी ना कधी जुलाबाने मलूल झालेले मूल असते, आणि त्या वेळी पाणी द्यावे की नाही, कोणते द्यावे, त्यात काय किती घालावे, हा निर्णय त्यांनाच करावा लागतो.